सेल्फ बदलला, तरी इंजिन जडच फिरत होतं

किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकच ‘टक्’. त्यापुढे काही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, हेडलाइट जराही मंद होत नाहीत, आणि इंजिन मात्र जागचं हलत नाही. मागे हौद्यात रोपांचे बेचाळीस ट्रे भरलेले. त्या दिवशी सातव्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली आणि रोपं वेळेत पोचली, पण परत येताना मी वाटेत कुठेही इंजिन बंद केलं नाही. ट्रे उतरवतानासुद्धा नाही. त्याच संध्याकाळी ठरवलं की आता हे पुढे ढकलायचं नाही.

आमची पिकअप २३ वर्षांची आहे. डिझेल, चार सिलिंडर, जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल पंप. माझ्या रोपवाटिकेचं सगळं ओझं तिनेच वाहिलं आहे. तिचं ऑइल, फिल्टर, पट्टे, ब्रेक लायनर ही कामं मी गेली कित्येक वर्षं स्वतः करते. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, मात्र कधी हात लावला नव्हता. एक तर तो जागेवर दिसतच नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, बेलहाउसिंगला (क्लचवरच्या कवचाला) चिकटून, दोन पाइपांच्या आड बसलेला असतो. आणि दुसरं म्हणजे तो बिघडेपर्यंत त्याची आठवणच होत नाही.

खरं तर खूण आठ महिन्यांपूर्वीच मिळाली होती. सकाळच्या थंडीत इंजिन जड फिरायला लागलं होतं. मी बॅटरी जुनी झाली म्हणून बदलली. आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. मग अधूनमधून तो ‘टक्’ सुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी किल्ली फिरवली की सेल्फ घ्यायचा. नंतर तेही होईना, तेव्हा खाली वाकून सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने दोन टिचक्या मारायच्या आणि भाच्याने त्याच क्षणी किल्ली फिरवायची. शेवटचे तीन आठवडे मी गाडी उतारावरच लावत होते. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की सुरू व्हायची. भरलेली गाडी उतारावर तशी सोडणं मला एकदाही सुखाचं वाटलं नाही.

टिचक्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. आतले कार्बन (मोटरला प्रवाह पोचवणारे तुकडे) झिजून आखूड झाले की ते कॉम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, नीट टेकत नाहीत, किंवा सोलेनॉईडमधला, म्हणजे सेल्फच्या अंगावरच्या विजेच्या खटक्यामधला, तांब्याचा संपर्क जळून खडबडीत होतो. धक्क्याने ते भाग केसभर सरकतात आणि तेवढ्यापुरता प्रवाह जातो. म्हणजे टिचकीने सेल्फ चालला, तर बिघाड सेल्फमध्येच आहे याची ती बऱ्यापैकी खात्री असते, दुरुस्ती नसते. आणि हातोडीने जोरात तर कधीच मारू नये. बऱ्याच सेल्फमध्ये कॉइलऐवजी कायम चुंबक चिकटवलेले असतात, ते ठिसूळ असतात. एक तुकडा उडाला की सगळा सेल्फ भंगारात.

भाचा एकोणीस वर्षांचा आहे. त्याचं म्हणणं, “आत्या, बिघाड कळलाय ना? मग सरळ नवा बसवू या.” मी म्हटलं, बॅटरीच्या वेळी मलाही असंच कळलं होतं. या वेळी आधी मोजायचं.

मोजण्याआधी कान वापरायचे असतात. किल्ली फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर क्षार साचलेला असतो: सोलेनॉईड ओढतो, सेल्फने प्रवाह घेताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉईड सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढतो. एकच जाड ‘टक्’ आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉईड ओढतोय पण मोटर फिरत नाही. अजिबात आवाज नसेल तर किल्लीपासून सोलेनॉईडपर्यंतची वाट तपासायची: स्विच, रिले, फ्यूज, काही गाड्यांत क्लचच्या पेडलवरचा स्विच. मोटर फिरल्याचा ‘घुंई’ आवाज येतो पण इंजिन फिरत नाही, तर पिनियन (सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) किंवा त्यामागचा एकेरी क्लच गेला.

सोलेनॉईडचं काम नीट समजलं की हे सगळं आपोआप लक्षात राहतं. सेल्फच्या अंगावर जो छोटा नळकांड्यासारखा भाग असतो तो सोलेनॉईड. तो एका झटक्यात दोन कामं करतो. एका बाजूने तो पिनियनला पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकाच्या, दातेरी कड्यात (रिंग गिअरमध्ये) अडकवतो आणि दुसऱ्या बाजूने तांब्याची चकती दोन जाड तांब्याच्या संपर्कांवर दाबतो. ती चकती टेकली की बॅटरीचा सगळा जोर मोटरला मिळतो. किल्लीच्या बारीक वायरीतून फक्त सोलेनॉईड ओढण्याइतका प्रवाह जातो. मोटरचे दोनशे-अडीचशे अँपिअर त्या चकतीवरून जातात. माझ्या ‘टक्’चा अर्थ पहिलं काम होतंय, दुसरं अडलंय.

रविवारी सकाळी मीटर काढला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे. इंजिनचं डिझेल तोडणाऱ्या फ्युएल कट सोलेनॉईडची वायर काढून ठेवली, म्हणजे सेल्फने चुकून घेतलाच तरी इंजिन सुरू होणार नाही. किल्लीवर भाचा, मीटरवर मी.

बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. किल्ली फिरवताना ‘टक्’ झालं तेव्हाही १२.३ वरच थांबली. हा आकडा महत्त्वाचा. सेल्फ इंजिन फिरवत असता तर बॅटरी सहज १० ते ११ च्या दरम्यान आली असती. ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीवर किंवा अडकलेल्या सेल्फवर संशय घ्यायचा. १२.३ म्हणजे मोटर प्रवाह घेतच नाही. मग सोलेनॉईडच्या बारीक टोकावर मोजलं: किल्ली फिरवल्यावर ११.७. म्हणजे स्विच, रिले, वायर सगळं ठीक. बॅटरीची जाड केबल जिथे येते त्या बोल्टवर १२.२. आणि सोलेनॉईडमधून मोटरकडे जाणाऱ्या बोल्टवर ०.२. चकतीच्या एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य. मोटरकडच्या त्या बोल्टवर १२ येऊन मोटर गप्प राहिली असती तर दोष कार्बनचा किंवा आर्मेचरचा (मोटरच्या फिरत्या भागाचा) ठरला असता. इथे चकतीच टेकत नव्हती.

शेवटी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे प्रवाह परत जायची वाट. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सेल्फच्या अंगाला, किल्ली फिरवली: ०.१ व्होल्ट. ०.२ पर्यंत चालतं. मी वहीत लिहिलं, “अर्थ ठीक.” ही नोंद चुकीची होती, आणि का ते पुढे येईलच.

नुसता सोलेनॉईड किंवा त्यातले तांब्याचे संपर्क बदलूनही भागलं असतं. मी पूर्ण सेल्फ घ्यायचं ठरवलं, कारण इंजिन सुरू होताना कधी कधी एक कर्कश खरखर ऐकू यायची, म्हणजे पिनियन नीट मागे येत नव्हता. शिवाय तो सेल्फ गाडीचा मूळचा होता, २३ वर्षांचा. एवढं सगळं काढून उघडायचं आणि आतला एकच भाग बदलून पुन्हा त्याच जागी कोंबायचं, हे मनाला पटलं नाही. नवा घेताना जुन्याच्या पट्टीवरचे आकडे जुळवले: १२ व्होल्ट, २.२ किलोवॅट. ताकदीइतकंच पिनियनचे दात, बोल्टांच्या भोकांतलं अंतर आणि फिरायची दिशा महत्त्वाची असते. दोघांचे दात मोजले, दहा आणि दहा.

कामाला सुरुवात मायनसपासून. बॅटरीची मायनस केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची. सेल्फवर येणारी जाड केबल थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते, मध्ये फ्यूज नाही, किल्ली बंद असली तरी तिच्यात वीज आहे. त्या नटावर पाना असताना पान्याचं दुसरं टोक चेसीला लागलं तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात. मायनस काढली की तो धोकाच संपतो. काढलेली केबल मी बाजूला बांधून ठेवली, कारण तिला स्वतःहून परत टोकावर जाऊन बसायची सवय असते.

गाडी जॅकने उचलून स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मी जात नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. आणि दुसरा नियम त्या दिवशीच केला: मी खाली असताना किल्ली माझ्या खिशात. भाचा म्हणाला, “बॅटरी तर काढलीय.” तरीही.

वायरींचे फोटो काढले. बारीक वायरीचा प्लॅस्टिकचा कनेक्टर उष्णतेने इतका वाळला होता की जोर लावला असता तर तुकडे झाले असते. पातळ पेचकसाने त्याची कळ उचलून, अंगठ्याने हलवत हलवत काढला. जाड केबलवरची रबराची टोपी मागे सरकवली, नट काढला आणि केबलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली.

दोन बोल्ट सेल्फला धरून ठेवतात. खालचा दिसतो, वरचा दिसत नाही. वरचा फक्त बोटांनी कळतो आणि तोही डाव्या हाताच्या, मनगट एका पाइपाखालून वळवून घातलं तर. दोघांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. खालचा १७ नंबरच्या रिंग पान्याने सुटला. वरच्याला सरळ पाना बसायला जागाच नाही. अर्धा तास वरून हात घालून पाहिला, चाकाच्या बाजूने पाहिला, मग एक मार्ग सापडला. गिअरबॉक्सच्या शेजारून, मागून पुढे, दोन लांब एक्स्टेंशन जोडून, टोकाला वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट आणि त्यावर गोटी (सॉकेट). हँडल जवळजवळ गाडीच्या मधोमध आलं. गोटी बोल्टवर नीट बसली आहे का हे भाचा वरून बोटाने चाचपून सांगत होता, मी खालून धरून होते. जॉइंट ढिला असला की गोटी तिरकी होते आणि बोल्टचं डोकं गोल होतं. म्हणून त्या जॉइंटभोवती चिकटपट्टीचे चार वेढे दिले, वाकायला वाकतो पण लुळा पडत नाही. ही युक्ती मला फार उपयोगी पडली.

बोल्ट हलेना. गंजलेल्या बोल्टला मी आधी थोडं आवळायच्या दिशेने ढकलते. गंजाची पकड कुठल्याही दिशेने मोडली तरी मोडते. आवळायच्या दिशेने एक छोटा ‘कट्’, मग तेल, मग दहा मिनिटं थांबणं, मग हँडलवर पाइप घालून सावकाश उलटा जोर. बेलहाउसिंग अॅल्युमिनियमचं आहे. तिथे बोल्ट तुटला असता तर पुढचे दोन दिवस ड्रिल मारण्यात गेले असते. त्यामुळे तो पहिला पाव फेरा पूर्ण होईपर्यंत मी श्वास रोखून होते. सुटला.

सेल्फ सहा-सात किलोचा. पडून राहिलेल्या माणसाच्या छातीवर एवढं वजन अचानक आलं तर चांगलंच लागतं, म्हणून खाली फळी आणि दुसरा छोटा जॅक लावूनच शेवटचे आटे सोडले. बाहेर यायलाही तो सरळ येत नाही. नाक खाली, मग फिरवून, मग पुढे. कसा निघाला ते लक्षात ठेवलं, कारण नवा त्याच वाटेने उलटा जाणार होता.

सेल्फ निघाल्यावर जे भोक दिसतं, त्यातून रिंग गिअर पाहिल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे अर्धं काम. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना वाटेल त्या जागी थांबत नाही. कोणत्या तरी सिलिंडरमधली हवा दाबली जायला लागते, इंजिनला तेवढा जोर उरत नाही आणि ते तिथे अडतं. त्यामुळे ते साधारण दोनच ठिकाणी, समोरासमोर थांबतं, आणि पिनियन वर्षानुवर्षं त्याच दातांवर आदळत राहतो. भाच्याने पुढून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवलं, मी बॅटरीचा दिवा धरून एकेक दात पाहिला. सुरुवातीच्या दातावर खडूची खूण. एका जागी सहा-सात दातांच्या कडा गोलावल्या होत्या, आणि अर्धा फेरा झाल्यावर पुन्हा तशाच. तुटलेला एकही नाही. पुस्तकात वाचलेली गोष्ट अशी स्वतःच्या गाडीत, खडूच्या खुणेसमोर दिसली की वेगळाच आनंद होतो. भाच्यालाही आत डोकावायला लावलं. “म्हणजे आत्या, गाडी रोज त्याच दोन जागांवर थांबत होती?” हो, रोज.

नवा सेल्फ चढवण्याआधी बाहेरच तपासला. शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट पकडला, कारण फिरायला लागताना तो जबरदस्त झटका देतो. जंपर केबलने बॅटरीचा मायनस त्याच्या अंगाला, प्लस जाड बोल्टला, आणि एका वायरीने तोच प्लस क्षणभर बारीक टोकाला. पिनियन खाडकन पुढे आला, फिरला, वायर काढताच मागे गेला. दोन-तीन सेकंदच. बिनओझ्याची मोटर फार वेगाने फिरते, तिला जास्त वेळ तशी सोडू नये.

मग एक छोटं पण आवश्यक काम: बेलहाउसिंगवर जिथे सेल्फ टेकतो ती जागा वायर ब्रशने उजळली, आणि नव्या सेल्फच्या टेकण्याच्या बाजूवरचा रंगही पॉलिश पेपरने काढला. सेल्फला मायनसची वेगळी वायर नसते. त्याचं अंगच त्याचा अर्थ. तिथे रंग किंवा गंज असेल तर सगळा प्रवाह त्या बोल्टांच्या आट्यांमधून वाट काढतो.

चढवणं काढण्यापेक्षा सोपं गेलं. दोन्ही बोल्ट आधी हाताने, पुरेसे आटे लागेपर्यंत, मग पाना, मग टॉर्क पान्याने शेवटचं आवळणं. जाड केबल, बारीक कनेक्टर, रबराची टोपी जागेवर. केबल एक्झॉस्टला कुठे लागत नाही ना, ते हाताने चाचपलं. गाडी खाली उतरवली. बॅटरीची मायनस शेवटी.

भाच्याने किल्ली फिरवली. सेल्फने लगेच घेतलं, ‘टक्’ गेला, पण इंजिन जड फिरत होतं. घर्र… घर्र… घर्र. आठ महिन्यांपूर्वीच्या सकाळसारखंच. पंधराएक सेकंदांनी कसंबसं सुरू झालं. भाच्याचा चेहरा पडला आणि माझाही. पहिला विचार आला की नवा सेल्फ सदोष आहे. तो पुन्हा काढायचा, या कल्पनेनेच खांदे दुखायला लागले.

थोडा वेळ बसले आणि वही उघडली. “अर्थ ठीक, ०.१.” तेव्हा चूक दिसली.

केबलवर पडणारं व्होल्टेज हे केबलच्या रोधाइतकंच तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतं. मी सकाळी मोजलं तेव्हा मोटर फिरतच नव्हती. केबलमधून जात होता तो फक्त सोलेनॉईडचा प्रवाह, वीसेक अँपिअर. तेवढ्यावर ०.१ पडत होतं आणि मी समाधान मानलं. मोटर फिरताना प्रवाह त्याच्या दसपट-बारापट होतो, मग ड्रॉपही तितकाच वाढणार. बंद पडलेल्या सेल्फवर केबलची परीक्षा घेताच येत नाही. परीक्षा प्रवाहाची असते, आणि तो नव्हताच.

पुन्हा फ्युएल कटची वायर काढली, पुन्हा मीटर. भाच्याने पाच सेकंद सेल्फ मारला. बॅटरीच्या दोन टोकांवर १०.९. सेल्फच्या जाड बोल्टपासून त्याच्या अंगापर्यंत ९.४. मधले दीड व्होल्ट कुठे गेले? प्लसच्या वाटेवर मोजलं, ०.३. मायनसच्या वाटेवर १.२. घसरगुंडी सगळी अर्थच्या बाजूला.

बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणारी केबल बाहेरून चांगली दिसत होती. तिला मी दरवर्षी पुसलंही असेल. गिअरबॉक्सशेजारचा तिचा बोल्ट काढला तर टोकाखाली तेलकट राख, आणि टोकाच्या मागे दोन इंच वेष्टण चिरल्यावर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या. बोटांनी चुरल्या तर भुकटी झाल्या. गंमत म्हणजे साध्या ओहम मीटरवर ही केबल निर्दोष दिसते. मी लावून पाहिलं. अडीचशे अँपिअरला १.२ व्होल्ट पडायला ०.००५ ओहमही लागत नाही, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. ओझ्याखाली व्होल्ट मोजणं हीच या केबलची खरी तपासणी.

आधीच्यापेक्षा एक माप जाड केबल, दाबून बसवलेली टोकं, बोल्टखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासलेली, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं: अर्थकडे ०.१, प्लसकडे ०.३, सेल्फला १०.२. बॅटरीचा आकडा उलट थोडा उतरून १०.६ झाला. भाचा घाबरला, पण त्यात काही बिघडलेलं नव्हतं. वाट मोकळी झाली म्हणून सेल्फ जास्त प्रवाह घेऊ लागला होता. फ्युएल कट जोडलं, किल्ली फिरवली आणि इंजिन दुसऱ्या फेऱ्यातच उचललं. तो आवाज मी विसरले होते. इतकी वर्षं गाडी जवळ असून तिचा निरोगी आवाज कसा होता हे माझ्या कानातून पुसलं गेलं होतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग आठ महिन्यांपूर्वीची बॅटरी? ती बहुधा धडधाकट होती. मी तिला उगाच निवृत्त केलं.

जुना सेल्फ त्या रात्री उघडला. सोलेनॉईडच्या टोपीखाली दोन तांब्याचे संपर्क. बॅटरीकडचा जवळजवळ अर्धा खाल्ला गेलेला, चकतीची कड काळी आणि खड्ड्याखड्ड्यांची. कार्बन आखूड झालेले, पण अजून काही महिने गेले असते. आत सगळीकडे काळी भुकटी. ज्या सोलेनॉईडला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही तो चकती जोरात दाबत नाही, आणि ढिल्या दाबाखाली प्रत्येक वेळी ठिणगी पडते. त्यात इंजिन जड फिरतंय म्हणून मी किल्ली जास्त वेळ धरून ठेवत होते. त्या कुजलेल्या केबलने या सेल्फचं आयुष्य किती कमी केलं, ते मोजता येणार नाही, पण त्या तांब्याकडे पाहताना मला ते दिसत होतं.

किल्ली धरून ठेवण्यावरून आठवलं. आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो तो ‘सेल्फ स्टार्टर’. पूर्वी इंजिन पुढून हँडल मारून सुरू करायचे, आणि इंजिनने उलटा झटका दिला की मनगटं मोडायची. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. त्याआधी ते गल्ल्याच्या यंत्रांसाठी मोटर बनवत होते. तिथून त्यांनी एक साधी गोष्ट उचलली: मोटरला काही सेकंदच काम करायचं असेल, तर तिच्यावर तिच्या आकाराच्या मानाने खूप जास्त भार टाकता येतो. म्हणूनच एवढासा सेल्फ अख्खं डिझेल इंजिन फिरवू शकतो. पण ती सवलत त्या काही सेकंदांपुरतीच आहे. दहा सेकंदांच्या वर किल्ली धरायची नाही, आणि नाही झालं तर किमान अर्धा मिनिट सेल्फला थंड होऊ द्यायचं. मी भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग तू पंधरा सेकंद कशी धरायला लावलीस?” त्याचं बरोबर होतं. मी कबूल केलं.

जुन्या सेल्फला नवे संपर्क, नवी चकती, नवे कार्बन बसवून, पिनियनचा दांडा पुसून आणि त्यावर अगदी पातळ ग्रीस लावून तो कापडात गुंडाळून ठेवला आहे. तपासला, छान फिरतो.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी एक चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर मार्करने लिहिलं: “सेल्फ मारताना: बॅटरी १०.६, प्लस ०.३, अर्थ ०.१.” खाली तारीख. पुढच्या थंडीत पुन्हा मोजून शेजारी लिहीन. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने अडतीस ट्रे चढवले, गाडी सपाट जागेवर उभी होती, आणि त्याने खिडकीतून विचारलं, “आत्या, बंद करू का? बाकीचे ट्रे यायचेत.”

“कर,” मी म्हटलं.